हवामान परिषदेतली रीतभात : हातोडा, पाटी आणि गळ्यातलं कार्ड



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की 'आंतरराष्ट्रीय परिषदेत कसं वागावं' हा काय व्याख्यानाचा विषय झाला? सूट कुठला घालायचा, काटा-चमचा कसा धरायचा, हस्तांदोलन कुणाशी आधी करायचं, असलं काही सांगणार का? तसलं काही नाही. मी बोलणार आहे ते संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदांबद्दल. दर वर्षी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात भरतात, वर्तमानपत्रात 'कॉप' म्हणून ज्यांचं नाव येतं, त्या परिषदा. तिथे बोलायची परवानगी कशी मागायची, हरकत कधी घ्यायची, कुणाला मध्येच थांबवायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, याची एक रीत आहे. थोडी कागदावर आहे, पुष्कळशी कागदावर नाही.

आपल्याकडे मानपान म्हटलं की पोकळ गोष्ट वाटते. खरं काम वेगळं आणि मानपान वेगळा. या परिषदेत मात्र तसं नाही. तिथे रीत हीच निर्णयाची यंत्रणा आहे. कारण तिथे मतदान होत नाही.

हे थोडं नीट बघूया, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. १९९२ साली हवामान बदलाचा आराखडा करार झाला. मार्च १९९४ मध्ये तो लागू झाला आणि १९९५ साली बर्लिनला पहिली परिषद भरली. अध्यक्ष होत्या जर्मनीच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल, पुढे चॅन्सेलर झाल्या त्याच. परिषदेपुढे अगदी सुरुवातीचं काम होतं ते स्वतःच्या कामकाजाचे नियम मंजूर करण्याचं. मसुदा तयार होता. गाडी अडली ती ४२ व्या नियमावर. हा नियम मतदानाचा. सहमती झालीच नाही तर किती बहुमताने निर्णय घ्यायचा? सौदी अरेबियासारख्या तेल निर्यात करणाऱ्या देशांना बहुमताची वाटच नको होती. एकमत झालं नाही आणि तो मसुदा मसुदाच राहिला. आजही आहे. दर परिषदेत '४२ वा नियम सोडून बाकीचा मसुदा लागू' असं धरून काम चालतं. म्हणजे जगातली एवढी मोठी परिषद तीस वर्षं मंजूर न झालेल्या नियमांवर चालली आहे. २०११ मध्ये मेक्सिको आणि पापुआ न्यू गिनी यांनी शेवटचा उपाय म्हणून मतदानाची सोय असावी असा प्रस्ताव आणला. तो पुढे सरकला नाही. सरकणार कसा? तो मंजूर करायलाही सहमतीच लागणार.

मग सहमती म्हणजे नक्की काय? याची व्याख्या त्या नियमांत नाही. वहिवाट अशी, की अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत आहे का? क्षणभर थांबतात. कुणी हरकत घेतली नाही तर हातातला लाकडी हातोडा टेबलावर मारतात. ठोका पडला की निर्णय झाला. सगळ्यांनी 'हो' म्हणायची गरज नसते. कुणी 'नाही' म्हटलं नाही, एवढं पुरतं.

तुमच्यापैकी अनेकांना गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा माहीत असेल. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. पटलं नाही तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. पण तिथे माणसं एकमेकांना ओळखतात, उद्या सकाळी त्याच विहिरीवर भेटणार असतात. इथे १९८ पक्ष आहेत, म्हणजे १९७ देश आणि युरोपियन युनियन. आणि निर्णय होतो तो ठरल्या दिवसापेक्षा एक-दोन दिवस उशिरा, पहाटे, प्रतिनिधींची परतीची विमानं सुटायची वेळ झालेली असताना. अशा वेळी 'क्षणभर थांबणं' म्हणजे किती, यावर देशांचं नशीब ठरतं.

आता सभागृहात बसलेल्या प्रतिनिधीने काय करायचं? त्याच्यापुढे देशाच्या नावाची पाटी असते. बोलायचं असेल तर पाटी उभी करायची, किंवा समोरचं बटण दाबायचं. अध्यक्ष पुकारतील त्या क्रमाने बोलायचं. बहुतेक वेळा आधी गट बोलतात, मग सुटे देश. बोलताना माणसाचं नाव घ्यायचं नाही, देशाचं घ्यायचं, तेही 'सन्माननीय प्रतिनिधी' असं म्हणून. पटत नसेल तर 'खोटं बोलताय' असं म्हणत नाहीत, 'आमची समजूत वेगळी आहे' म्हणतात. ऐकायला हे गुळमुळीत वाटतं. पण रात्री तीन वाजता, अठरा तास जागी असलेली माणसं भांडत असताना, ठरलेले शब्द कामाला येतात. रागाच्या भरात नवीन शब्द शोधावे लागत नाहीत.

या सगळ्या रांगेला ओलांडणारी एक गोष्ट आहे, कामकाजाबद्दलची हरकत. इंग्रजीत 'पॉइंट ऑफ ऑर्डर'. ती कधीही घेता येते, आणि अध्यक्षांनी तिच्यावर तिथल्या तिथे निर्णय द्यायचा असतो. लहान देशाच्या हातात असलेलं हे सगळ्यात मोठं हत्यार. अट एकच, अध्यक्षांनी तुमच्याकडे बघायला हवं.

आणि इथेच गंमत सुरू होते. गंमत म्हणजे, ज्याच्यावर बेतते त्याच्यासाठी नव्हे.

२०१० साली मेक्सिकोत कानकुनला परिषद होती. आदल्या वर्षी कोपनहेगन फसलेलं, त्यामुळे यंदा काहीतरी हाती लागलंच पाहिजे असं वातावरण. शेवटच्या रात्री बोलिव्हियाने स्पष्ट सांगितलं, आमची हरकत आहे. अध्यक्ष पॅट्रिशिया एस्पिनोसा यांनी उत्तर दिलं ते असं, की सहमती म्हणजे एकूण एकाचा होकार नव्हे, आणि एका देशाला सगळ्यांना रोखून धरायचा अधिकारही नव्हे. हातोडा पडला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या का? कारण बहुतेकांना तो निर्णय हवा होता. पण बोलिव्हियाच्या जागी अमेरिका असती तर हातोडा पडला असता का? मला नाही वाटत. तिथे बसलेल्या कुणालाही तसं वाटलं नसेल.

दोन वर्षांनी दोहा. अध्यक्ष कतारचे अब्दुल्ला बिन हमाद अल-अत्तिया. क्योटो कराराचा दुसरा टप्पा मंजूर करायचा होता. रशिया, युक्रेन आणि बेलारूस यांच्याकडे पहिल्या टप्प्यातले न वापरलेले उत्सर्जन-हक्क शिल्लक होते, आणि नव्या मजकुरात त्यांच्या वापरावर मर्यादा येत होती. रशियाचा प्रतिनिधी बोलू मागत होता. अध्यक्षांनी वर न बघता एकामागून एक ठोके मारले आणि काही मिनिटांत सगळं पॅकेज मंजूर करून टाकलं. मागाहून रशियाला सांगण्यात आलं, की तुमचं म्हणणं अहवालात नोंदवू.

रशियाची बाजू मला पटते का? त्या हक्कांबाबत नाही पटत. त्याच्या कारखान्यांनी कष्टाने वाचवलेला तो कार्बन नव्हता, सोव्हिएत अर्थव्यवस्था कोसळली म्हणून उरलेला होता. पण रीतीबाबत त्याचं म्हणणं बिनतोड होतं. आणि त्याने ते विसरू दिलं नाही. पुढच्या जूनमध्ये, २०१३ साली, बॉनला तयारीच्या बैठका होत्या. त्यातल्या अंमलबजावणीच्या समितीत रशिया, युक्रेन आणि बेलारूस यांनी विषयपत्रिकेवर एक नवा विषय मागितला, 'निर्णय घेण्याची पद्धत'. इतर देशांनी तो त्यांच्या शब्दांत घ्यायला नकार दिला. विषयपत्रिकाच मंजूर होईना. दोन आठवडे गेले आणि त्या समितीचं काम सुरूसुद्धा झालं नाही. लहान बेटांचे, गरीब आफ्रिकी देशांचे विषय त्याच समितीत होते. गरीब देशांच्या एखाद्या शिष्टमंडळात दोन-तीनच माणसं असतात. ती बॉनला आली, राहिली, आणि रिकाम्या हाताने परत गेली. दोहाला वाचवलेली काही मिनिटं ही अशी वसूल झाली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे. रीत मोडण्याची किंमत ती मोडणारा भरत नाही. मोठ्या देशाला डावललं तर तो पुढच्या वेळी हिशेब चुकता करतो. लहान देशाला डावललं तर तो काय करतो?

ते आपल्याला डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत दिसलं. १३ डिसेंबरची सकाळ. अध्यक्ष सुलतान अल जाबेर. खनिज इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख असलेला मजकूर पुढे होता, तीस वर्षांत पहिल्यांदाच. सत्र उघडलं, हातोडा पडला, सगळे उठून उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट. आणि त्याच सुमारास लहान बेट-राष्ट्रांच्या गटाचे प्रतिनिधी सभागृहात शिरत होते. एकोणचाळीस देशांचा हा गट. समुद्र वर चढला तर ज्यांची जमीनच जाणार, ते देश. बाहेर बसून ते आपली भूमिका ठरवत होते. त्यांच्या वतीने सामोआच्या अॅन रासमुसेन बोलल्या. त्यांनी काय सांगितलं, तर आम्ही आत आलो तेव्हा तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवत होता, त्यात व्यत्यय आणायचा नव्हता. पण आम्ही जरा गोंधळलो आहोत, कारण निर्णय झाला तेव्हा आम्ही खोलीत नव्हतो.

हे वाक्य मी अनेकदा विद्यार्थ्यांसमोर ठेवतो. त्यात आवाज चढलेला नाही. फेरविचाराची मागणी नाही. तरी त्याहून जड आरोप त्या सभागृहात क्वचितच कुणी केला असेल. गमतीचा भाग, त्यांचं भाषण संपल्यावर सभागृह पुन्हा उभं राहिलं आणि त्यांच्यासाठीही तितक्याच टाळ्या वाजल्या. निर्णय मात्र जसा होता तसाच राहिला. नियमाने बघायचं तर चूकही दाखवता येत नाही. निर्णयाला दोनतृतीयांश पक्ष हजर लागतात. एकोणचाळीस गेले तरी गणसंख्या पुरते.

गणसंख्येवरून आठवलं. जैवविविधतेची वेगळी परिषद असते. २०२४ साली ती कोलंबियात कालीला भरली होती. चर्चा लांबली, रात्र उलटली, आणि सकाळपर्यंत इतके प्रतिनिधी विमान पकडायला निघून गेले, की गणसंख्याच उरली नाही. पैशाचा मुख्य प्रश्न तसाच ठेवून परिषद थांबवावी लागली. उरलेलं काम पुढच्या फेब्रुवारीत रोममध्ये झालं. श्रीमंत देशाचा माणूस तिकीट बदलतो. बाकीच्यांना ते परवडत नाही. तेव्हा 'शेवटपर्यंत बसून राहणं' हासुद्धा वर्तनाचाच नियम म्हणायचा, तर तो पाळायला पैसे लागतात.

आता आपल्याकडे वळू. भारताच्या बाबतीत ही गोष्ट दोन्ही अंगांनी घडली आहे, आणि आपण सहसा त्यातलं एकच सांगतो.

बाकू, नोव्हेंबर २०२४. गरीब देशांना हवामानासाठी किती पैसा मिळणार याचा आकडा ठरत होता. २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर असा मजकूर आला. विकसनशील देशांची मागणी याच्या कितीतरी पट होती. भारताने आधीच सांगून ठेवलं होतं, की हातोडा पडण्यापूर्वी आम्हाला बोलायचं आहे. हातोडा आधी पडला. मग भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना बोलल्या. हा सगळा प्रकार आधीच रचून ठेवलेला होता असं त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि मजकुराला दृष्टिभ्रम म्हटलं. त्याही वेळी टाळ्या पडल्या. मला त्यांचा राग रास्त वाटतो. बोलायची परवानगी आधी मागितली असताना ती नंतर देणं म्हणजे लग्न लागल्यावर 'कुणाची हरकत?' असं विचारण्यासारखं आहे.

पण त्याच्या तीन वर्षं आधीचं ग्लासगो? १३ नोव्हेंबर २०२१. अंतिम मजकुरात कोळशाचा वापर 'संपवण्याबद्दल' शब्द होते. अगदी शेवटच्या घटकेला, भर सत्रात, भारताचे मंत्री भूपेंद्र यादव यांनी बदल वाचून दाखवला, 'संपवणं' नव्हे, 'कमी करत नेणं'. मागच्या खोलीत मोठ्या देशांमध्ये हे ठरलं होतं. चीनलाही तेच हवं होतं. मेक्सिको, स्वित्झर्लंड आणि बेटांचे देश चिडले. आम्हाला सांगितलं होतं मजकूर आता उघडायचा नाही, मग यांच्यासाठी कसा उघडला? अध्यक्ष आलोक शर्मा, जन्माने आग्र्याचे आणि ब्रिटनचे मंत्री, यांनी प्रक्रिया अशी झाली याबद्दल सगळ्यांची माफी मागितली. बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला. मग हातोडा मारला.

भारताच्या बदलामागे कारण होतं, यावर मी वाद घालणार नाही. कोळसाच का, तेल आणि वायू का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण बाकूला जे आपल्याशी झालं आणि ग्लासगोला जे इतरांशी झालं, ते रीतीच्या दृष्टीने एकच होतं. ग्लासगोला मजकूर उघडायची ताकद आपल्याकडे होती. बाकूला नव्हती.

रीत मोडून काही साधतच नाही, असंही नाही. बाली, डिसेंबर २००७. विकसनशील देश काय करणार आणि त्यांना कोणती मदत मोजून-तपासून मिळणार, यावर भारताने सुचवलेला एक शब्दक्रम होता. अमेरिकेच्या पॉला डोब्रियान्स्की म्हणाल्या, आम्हाला तो मान्य नाही. आणि सभागृहाने चक्क हुर्यो केला. संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत! त्यानंतर पापुआ न्यू गिनीचे केव्हिन कॉनरॅड उठले आणि अमेरिकेला उद्देशून म्हणाले, की तुम्हाला पुढारपण करायचं नसेल तर आम्हा बाकीच्यांसाठी वाट तरी सोडा. सन्माननीय वगैरे काही नाही. थोड्या वेळाने अमेरिकेने माघार घेतली आणि सहमती झाली. त्याच बालीला चीनने तक्रार केली होती, की काही मंत्री दुसऱ्या खोलीत बोलणी करत असताना इथे सत्र कसं सुरू केलं? करारसंस्थेच्या सचिवालयाचे प्रमुख इव्हो द बोअर उत्तर द्यायला गेले आणि रडत मंचावरून उतरले. म्हणजे दुबईला बेटांबाबत जे घडलं, त्याची तक्रार सोळा वर्षं आधी चीनने केली होती. फरक असा, की चीनची तक्रार ऐकून सत्र थांबलं.

कोपनहेगनला तर व्हेनेझुएलाच्या क्लॉडिया सालेर्नो बोलू द्या म्हणून टेबलावर इतका हात आपटत होत्या, की हातातून रक्त आलं. सार्वभौम देशाने बोलण्यासाठी रक्त सांडायचं का, असं त्यांनी विचारलं. त्या पहाटे मोठ्या देशांनी आपसात ठरवलेला मजकूर मंजूर होऊ शकला नाही. परिषदेने त्याची फक्त 'दखल घेतली'.

इथपर्यंत मी सभागृहातल्या, म्हणजे सरकारी प्रतिनिधींच्या वागण्याबद्दल बोललो. त्यांच्यासाठी पुष्कळशी रीतच आहे, शिक्षा जवळपास नाही. हात आपटला, हुर्यो केला, कुणाची मागणी डावलून हातोडा मारला, कुणाचं कार्ड काढून घेतलं का? नाही. आता मागच्या रांगेत बसणाऱ्यांकडे बघा. त्यांना निरीक्षक म्हणतात. पर्यावरण संस्था, उद्योग, कामगार संघटना, आदिवासींचे प्रतिनिधी, स्त्रियांचे आणि तरुणांचे गट, संशोधक, शेतकरी, स्थानिक स्वराज्य संस्था, असे नऊ अधिकृत गट आहेत. बर्लिनला सगळे मिळून सुमारे ४ हजार लोक होते. दुबईला ८० हजारांहून अधिक.

यांच्यासाठी नियम लेखी आहेत आणि ते लागूही होतात. आवाराच्या आत, ज्याला ब्लू झोन म्हणतात तिथे, संयुक्त राष्ट्रांची स्वतःची सुरक्षा असते. निदर्शन करायचं तर आधी परवानगी. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, फलकावर काय लिहिणार तेही आधी सांगायचं. एखाद्या देशाचं नाव घेऊन त्याच्याविरुद्ध घोषणा नाही, झेंडा नाही. २०११ साली डर्बनला एका अमेरिकन विद्यार्थिनीने आपल्याच देशाच्या प्रतिनिधीचं भाषण सुरू होण्याआधी उठून दोन शब्द सुनावले. तिला बाहेर नेण्यात आलं. २०१९ ला माद्रिदमध्ये मुख्य सभागृहाबाहेर आरडाओरडा झाला आणि सुमारे २०० निरीक्षकांना आवाराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांना परत घेतलं. दुबईला मणिपूरची बारा वर्षांची मुलगी खनिज इंधनाविरुद्धचा फलक घेऊन मंचावर चढली. मंचावरच्या अधिकाऱ्याने तिच्या उत्साहाचं कौतुक केलं, लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि तिला खाली नेण्यात आलं. नंतर आपल्याला अडवून ठेवलं आणि कार्ड काढून घेतलं, असं तिने सांगितलं.

मी असं म्हणत नाही की नियम नसावेत. ८० हजार माणसं एका आवारात असतील तर नियम लागतात. आणि एक नियम तर उशिरानेच आला. २०१८-१९ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांनी आपल्या सगळ्या कार्यक्रमांसाठी छळविरोधी आचारसंहिता तयार केली, लैंगिक छळासह. नको असलेला स्पर्श, पाठलाग, अश्लील हावभाव, अंगावर शेरे, हे सगळं त्यात येतं. हवामान परिषदेचीही त्याच धर्तीवर संहिता आहे आणि ती मंत्र्यापासून स्वयंसेवकापर्यंत सगळ्यांना लागू आहे. हे महत्त्वाचं का? रात्री दोन वाजता बंद खोलीत मजकुराची बोलणी चालतात. तिथे बसायला एखाद्या तरुण स्त्री प्रतिनिधीला भीती वाटत असेल, तर तिच्या देशाची खुर्ची रिकामी राहते. अनेक देशांकडे त्या खुर्चीत बसवायला दुसरं माणूसच नसतं. अजून एक बरा बदल. २०२३ पासून नोंदणी करताना आपण कुणाच्या वतीने आलो आहोत ते सांगावं लागतं. तेल कंपनीचा माणूस कुठल्या तरी व्यापारी मंडळाच्या नावाखाली गर्दीत मिसळून जायचा, त्याला थोडा चाप बसला.

आता प्रश्नोत्तरांकडे जाऊ. दोनच घेतो, वेळ कमी आहे.

पहिला प्रश्न: 'मोठ्या देशांना शिस्त लावणारी एखादी चांगली पद्धत कुठे दिसली का?'

पूर्ण शिस्त लावणारी नाही. पण डर्बनला यजमानांनी 'इंदाबा' आणली. दक्षिण आफ्रिकेत झुलू आणि खोसा समाजात ज्येष्ठ मंडळी एकत्र बसून प्रश्न सोडवतात, ती पद्धत. आपापलं भाषण वाचायचं नाही, आपल्याला काय सोडवत नाही आणि काय सोडता येईल ते समोरासमोर सांगायचं. पुढे पॅरिसलाही तिचा उपयोग केला. आणि त्याच डर्बनला, शेवटच्या पहाटे, भारताच्या जयंती नटराजन आणि युरोपच्या कोनी हेडेगार्ड यांचं एका शब्दावर अडलं होतं. अध्यक्ष बाई म्हणाल्या, दोघी इथेच, सभागृहाच्या मधोमध भेटा. बघता बघता प्रतिनिधींचा घोळका जमला. ब्राझीलच्या प्रतिनिधीने शब्द सुचवले, तोडगा निघाला. मला त्यात आवडतं ते हे, की बोलणी बंद खोलीत झाली नाहीत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. आवाज ऐकू येत नसला तरी घोळक्यात कोण आहे आणि कोण नाही, हे मागच्या रांगेतूनही दिसत होतं.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे: 'निरीक्षक म्हणून जायची संधी मिळाली तर मी काय लक्षात ठेवू?'

पहिलं, ज्या गटातून जाणार त्याच्या सकाळच्या बैठकीला जा. कुठल्या खोलीत काय चाललं आहे ते तिथेच कळतं. बोलायची संधी गटाला मिळते, एकेका माणसाला नाही, आणि वेळ मिनिटांत मोजून देतात, तेव्हा काय म्हणायचं ते आधी लिहून ठेव. दुसरं, १९९८ च्या एका निर्णयानुसार वाटाघाटींच्या संपर्क गटांत निरीक्षकांना बसता येतं. हजर असलेल्या पक्षांपैकी एकतृतीयांशांनी हरकत घेतली तरच नाही. म्हणजे दार उघडं दिसलं तर आत जा, भिऊ नकोस. अनौपचारिक बैठक असेल तर अध्यक्ष बाहेर जायला सांगू शकतात. सांगितलं तर निघायचं. आत असताना मागच्या रांगेत बसायचं, पाटी असलेल्या खुर्चीत नाही. रेकॉर्डिंग करायचं नाही, फोटो काढायचा नाही. मुद्दा काय मांडला गेला ते वहीत लिही, पण कुठला माणूस बोलला ते बाहेर सांगू नकोस. आणि सगळ्या मुख्य सत्रांत सहा भाषांतून दुभाषी असतात, तसे या छोट्या खोल्यांत नसतात. तिथे सगळं इंग्रजीत चालतं. तिथे एखादा प्रतिनिधी अडखळत, शब्द शोधत बोलताना दिसेल. त्याच्या देशाचं नाव पाटीवर बघून ठेव, आणि बैठक संपल्यावर बाहेर त्याच्याशी बोल. त्याला मजकूर पूर्ण वाचायला वेळ मिळाला का, ते विचार.